विद्यार्थ्यांचे वाचन आणि अभिजात कविता : रिचर्ड्स यांच्या केंब्रिज प्रयोगाचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

आय. ए. रिचर्ड्स यांचा 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. साहित्याच्या अध्यापनाचा विसाव्या शतकातील इतिहास लिहिताना या ग्रंथाला वगळून पुढे जाता येत नाही. त्याचे वेगळेपण असे की, त्याच्या केंद्रस्थानी कोणा नामवंत समीक्षकाचे विवेचन नसून केंब्रिजमधील विद्यार्थ्यांनी कवितांविषयी लिहून दिलेले शेकडो अभिप्राय आहेत. त्या अभिप्रायांचे मूल्यमापन करीत करीत रिचर्ड्स यांनी वाचनव्यवहाराविषयीची आपली मीमांसा उभी केली. विद्यार्थ्यांच्या लेखनाला, त्यातही त्यांच्या चुकांना, संशोधनाची सामग्री म्हणून इतक्या गांभीर्याने वागवणारा याआधीचा ग्रंथ सहजासहजी आठवत नाही.

या ग्रंथाविषयी एक समज रूढ आहे. उत्तम शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांनाही कविता वाचता येत नाही, हे रिचर्ड्स यांनी सप्रमाण सिद्ध केले आणि त्यावर उपाय म्हणून संहितेच्या बारकाईने वाचनाची पद्धत दिली, असा हा समज आहे. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. या प्रयोगात विद्यार्थ्यांना गुण दिले जात नव्हते. त्यांच्या लेखनावरून वाचनातील अडचणींचे निदान केले जात होते. पुढे विद्यापीठांनी या प्रयोगाचा बाह्य आकार तेवढा उचलला आणि निदानाचे रूपांतर परीक्षेत केले. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा वेध घेण्याचा प्रयत्न केला असून, त्यासाठी जॉन डन या सतराव्या शतकातील कवीच्या एका धार्मिक सुनीताला मिळालेल्या प्रतिसादाकडे विशेष लक्ष दिले आहे.

केंब्रिजमधील पार्श्वभूमी

इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांत इंग्रजी साहित्याला स्वतंत्र विषयाचा दर्जा बऱ्याच उशिरा मिळाला. केंब्रिज येथे इंग्रजी साहित्याचे किंग एडवर्ड सप्तम अध्यासन १९१० साली एका वृत्तपत्रमालकाच्या देणगीतून स्थापन झाले आणि इंग्रजीचा स्वतंत्र ट्रायपॉस, म्हणजे पदवीचा सन्मान अभ्यासक्रम, १९१७ साली पहिले महायुद्ध चालू असताना मंजूर झाला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली आणि तेथील अभ्यासक्रमांत इंग्रजी साहित्याला प्रथमपासूनच मानाचे स्थान होते, हे लक्षात घेतल्यास हा उशीर अधिकच जाणवतो. वसाहतीत जो विषय राज्यकर्त्यांना आवश्यक वाटत होता, तो त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र पदवीच्या योग्यतेचा आहे की नाही याविषयी वाद चालू होता. आक्षेप असा की, काव्याविषयी गप्पा मारणे ही विद्याशाखा कशी होऊ शकेल? ग्रीक व लॅटिन शिकताना व्याकरणाची शिस्त लागते. स्वभाषेतील कविता तर कोणीही वाचतो.

हा आक्षेप खोडून काढण्याची गरज नव्या विषयाच्या अध्यापकांना सतत भासत होती. रिचर्ड्स (१८९३–१९७९) हे मुळात साहित्याचे विद्यार्थी नव्हते. केंब्रिजच्या मॅग्डलीन महाविद्यालयात त्यांनी 'नीतिशास्त्रे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान व मानसशास्त्र यांचे अध्ययन केले होते. महायुद्ध संपल्यावर, १९१९ साली, मॅन्सफील्ड फोर्ब्स यांच्या प्रोत्साहनाने ते इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना व्याख्याने देऊ लागले. त्यांना नियमित वेतन नव्हते. व्याख्यानांना येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून डोईगणिक शुल्क घेण्याची मुभा होती. श्रोते टिकले तरच अध्यापक टिकेल, अशी ही व्यवस्था होती. पुढे सी. के. ऑग्डेन यांच्यासह लिहिलेला 'द मीनिंग ऑफ मीनिंग' (१९२३) आणि 'प्रिन्सिपल्स ऑफ लिटररी क्रिटिसिझम' (१९२४) या ग्रंथांनी त्यांचे नाव झाले. कवितेचा अनुभव म्हणजे मनातील परस्परविरोधी प्रेरणांची सुसंगत मांडणी होय, ही त्यांची उपपत्ती मानसशास्त्राच्या परिभाषेत होती. उपपत्तीला प्रत्यक्ष पुरावा हवा, या जाणिवेतून अभिप्राय गोळा करण्याची कल्पना पुढे आली, असे मानण्यास जागा आहे. अभिप्रायांना त्यांनी 'प्रोटोकॉल' हा शब्द वापरला. तो प्रयोगाच्या नोंदीला शोभणारा आहे, निबंधाला किंवा उत्तरपत्रिकेला नव्हे. या लहानशा शब्दयोजनेतही त्यांचा दृष्टिकोन दिसून येतो.

प्रयोगाची पद्धत

रिचर्ड्स व्याख्यानाच्या वेळी कविता छापलेले कागद वाटत. त्यांवर कवीचे नाव नसे. विद्यार्थ्यांनी आठवडाभर त्या कविता पुन्हा पुन्हा वाचाव्यात, मोकळेपणाने अभिप्राय लिहावा आणि आपण कविता किती वेळा वाचली हेही नोंदवावे, अशी सूचना असे. एका बैठकीत कविता कितीही वेळा नजरेखालून घातली तरी ते एकच 'वाचन' धरले जाई. चारपेक्षा कमी वाचने नोंदवणारे थोडेच होते. काहींनी तर दहा-बारा वाचने केल्याचे लिहिले. ज्या काळात विद्यार्थी काव्यसंग्रहातील एखादी कविता एकदा चाळून पुढे जात, त्या काळात हा अभ्यास निश्चितच कसोशीचा म्हटला पाहिजे. पुढच्या आठवड्यात रिचर्ड्स त्या कवितांवर थोडे आणि विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांवर अधिक, असे व्याख्यान देत. सुमारे साठ टक्के श्रोत्यांनी अभिप्राय परत केले, असे ते नमूद करतात.

अभिप्राय लिहिणाऱ्यांत बहुसंख्य इंग्रजीचे पदवी-विद्यार्थी होते. अन्य विषयांचे विद्यार्थी, काही पदवीधर आणि विद्यापीठाबाहेरचे मोजके श्रोतेही होते. स्त्रिया व पुरुष साधारण सारख्या संख्येने असावेत, असा रिचर्ड्स यांचा अंदाज आहे. बहुतेकांनी अत्यंत खर्चिक असे शिक्षण घेतले होते, हे त्यांनी मुद्दाम सांगितले आहे. कारण अभिप्रायांतील दोष अशिक्षितांच्या माथी मारून कोणी मोकळे होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती.

ग्रंथात समाविष्ट झालेल्या कविता तेरा. निवड जाणूनबुजून मिश्र होती. जॉन डन, ख्रिस्तिना रोझेटी, जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स, टॉमस हार्डी, डी. एच. लॉरेन्स, लाँगफेलो हे एका बाजूला. तर फिलिप जेम्स बेली, अल्फ्रेड नॉइस, जे. डी. सी. पेल्यू, महायुद्धात सैनिकांचा लाडका पाद्री म्हणून गाजलेला जी. ए. स्टडर्ट केनेडी हे दुसऱ्या बाजूला. कवीचे नाव ठाऊक नसताना वाचक कोणाला उचलून धरतात, हे पाहण्याची ही योजना होती. ग्रंथाच्या परिशिष्टात प्रत्येक कवितेला मिळालेल्या अनुकूल व प्रतिकूल मतांचे प्रमाण दिले आहे. युद्धातील पाद्र्याची कविता डनच्या सुनीतापेक्षा अधिक पसंत पडली. लॉरेन्सची पियानोवरील कविता बहुतेकांनी नाकारली. आणि लाँगफेलोची कविता सर्वांत तळाला गेली.

या आकड्यांनीच ग्रंथाला त्याची काहीशी सनसनाटी ख्याती मिळवून दिली. रिचर्ड्स यांचे लक्ष मात्र पसंती-नापसंतीवर फारसे नव्हते. चांगली कविता चुकीच्या कारणांसाठीही आवडू शकते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांचे लक्ष होते ते त्या कारणांकडे. अभिप्रायांचे पृथक्करण करून त्यांनी वाचनातील दहा अडचणी नोंदवल्या. त्यांतील पहिली सर्वांत साधी आणि सर्वांत धक्कादायक : कवितेचा सरळ शब्दार्थच न लागणे. उरलेल्यांत शब्दांचा नाद व लय न जाणवणे, प्रतिमांविषयी वाचकावाचकांत असलेली भिन्नता, वैयक्तिक आठवणींची घुसखोरी, साचेबंद प्रतिसाद, अतिरिक्त हळवेपणा आणि त्याच्या उलट भावनेचा संकोच, कवितेतील मतांशी वाचकाच्या श्रद्धांचा संघर्ष, तंत्राविषयीचे पूर्वग्रह आणि काव्याविषयीच्या ठाम पूर्वकल्पना यांचा समावेश होतो. अर्थाचेही त्यांनी चार घटक मानले : वाच्य आशय, भावना, श्रोत्याविषयीचा सूर आणि हेतू. यांपैकी 'सूर' हा घटक मराठी अध्यापकाला विशेष उपयुक्त वाटावा. लाँगफेलोची कविता बुडाली ती प्रामुख्याने सूर न ओळखल्यामुळे. दफनभूमीवरील कविता म्हणजे ती गंभीर आणि उपदेशपरच असणार, असे धरून विद्यार्थी तिच्याकडे गेले. कवीच्या बोलण्यातील शिष्ट, हलका मिश्कीलपणा त्यांच्या कानी पडलाच नाही.

डनचे सुनीत आणि त्याचे वाचक

तेरांपैकी तिसरी कविता म्हणजे डनच्या 'होली सॉनेट्स' या मालिकेतील अंतिम न्यायदिनावरील सुनीत. डन (१५७२–१६३१) याच्या मृत्यूनंतर १६३३ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात ते छापले गेले. पहिल्या आठ ओळींत पृथ्वीच्या चार कोपऱ्यांवरून तुताऱ्या फुंकण्याची देवदूतांना आज्ञा आहे. असंख्य आत्म्यांनी आपापल्या विखुरलेल्या देहांकडे परतावे, असे आवाहन आहे. आणि माणसे ज्या ज्या कारणांनी मरतात त्यांची धावती नोंद आहे. शेवटच्या सहा ओळींत सूर एकदम खाली येतो. कवी देवाला विनवतो की, त्या मृतांना अजून झोपू दे. आपले पाप सर्वांहून मोठे असेल तर त्या दिवशी क्षमा मागायला फार उशीर झालेला असेल. म्हणून येथेच, या खालच्या भूमीवर, पश्चात्ताप कसा करावा हे शिकव. आठ व सहा ओळींमधील हे वळण हाच सुनीताचा प्राण होय. केशवसुतांपासून सुनीत वाचत आलेल्या मराठी वाचकाला ते वेगळे सांगण्याची गरज नाही.

केंब्रिजच्या वाचकांची या सुनीतापुढे बरीच त्रेधा उडाली. अनुकूल मतांपेक्षा प्रतिकूल मते अधिक पडली. काहींना आरंभीचा सारा कल्लोळ कशासाठी आहे, हेच उमगले नाही. गोल पृथ्वीला कोपरे कसे, या प्रश्नापाशी अडखळणे स्वाभाविक होते. चार कोपऱ्यांवर उभे असलेले चार देवदूत ही बायबलच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकातील प्रतिमा आहे. डनच्या काळात पृथ्वी गोल असल्याचे ज्ञान सर्वमान्य होते आणि तरीही धर्मग्रंथाचा शब्द सोडवत नव्हता. त्यामुळे कोपरे 'कल्पिलेले' आहेत असे म्हणून कवी जुनी श्रद्धा आणि नवा भूगोल यांना एका विशेषणात एकत्र बांधतो. हा संदर्भ न जाणणाऱ्या वाचकाला ते विशेषण नुसते सजावटीचे वाटते.

दुसरी अडचण श्रद्धेची होती. मृत देह पुन्हा उठतील ही कल्पनाच ज्यांना अस्वीकार्य होती, त्यांतील काहींनी कविता तेथेच नाकारली. उलटपक्षी, काहींना विषय पवित्र आहे एवढ्यावरच ती भावली. रिचर्ड्स यांनी या दोन्ही प्रतिसादांना एकाच रोगाची लक्षणे मानले. मताला बुद्धीने दिलेली संमती आणि कवितेपुरता भावनेने केलेला स्वीकार यांत त्यांनी भेद केला आणि कवितेच्या आस्वादासाठी दुसरा पुरेसा आहे, अशी भूमिका घेतली. ही भूमिका आकर्षक आहे. सहृदयाची भारतीय कल्पनाही त्याच दिशेने जाते. तथापि डनच्या बाबतीत ती पूर्णतः समाधानकारक ठरत नाही. सुनीतातील वळणाचा सारा दाब एका प्रत्यक्ष भीतीवर आहे : न्याय खरोखरच होणार आहे आणि कवी त्यासाठी तयार नाही. ही भीती केवळ 'मानून घेतलेली' म्हणून वाचली, तर शेवटच्या ओळींतील विनवणी सुंदर उरते. निकडीची उरत नाही. ज्या विद्यार्थ्याने श्रद्धेच्या प्रश्नावरून कविता नाकारली, त्याला निदान तिच्यात काय पणाला लागले आहे हे कळले होते, असे म्हणण्यास वाव आहे. रिचर्ड्स यांच्या तक्त्यात मात्र त्याची गणना अडचणीत सापडलेल्या वाचकांत होते.

मृत्यूच्या कारणांची यादी हे आणखी एक उदाहरण. युद्ध, दुष्काळ, वार्धक्य व ताप यांच्या सोबतीला डन जुलूम आणि कायदा यांनाही बसवतो. नाव नसलेल्या कागदावर ही केवळ एक जोरकस यादी आहे. पण कवीचे नाव आणि काळ ठाऊक झाल्यावर 'कायदा' हा शब्द वेगळाच होतो. डनचा जन्म कॅथलिक कुटुंबात झाला होता आणि त्या पंथाचे आचरण इंग्लंडमध्ये त्या वेळी शिक्षेस पात्र होते. त्याचा धाकटा भाऊ हेन्री याला एका कॅथलिक धर्मगुरूला आसरा दिल्याबद्दल अटक झाली आणि १५९३ साली न्यूगेटच्या तुरुंगात ज्वराने त्याचा अंत झाला. डनने पुढे अँग्लिकन पंथ स्वीकारला, १६१५ साली दीक्षा घेतली आणि १६२१ पासून तो लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन होता. कायद्याने माणसे मरतात हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

चरित्राचा हा धागा जोडल्याविना सुनीत वाचताच येत नाही, असा दावा करणे चुकीचे ठरेल. चरित्राच्या खिडकीतून कविता पाहण्याच्या सवयीने किती नुकसान केले आहे, हे साहित्याच्या कोणत्याही अध्यापकाला माहीत असते. आणि कवीचे नाव पाहून मान डोलावणाऱ्या वाचकांचे सोंग उघडे पाडणे ही रिचर्ड्स यांच्या प्रयोगाची मोठी कामगिरी आहे. मुद्दा एवढाच की, कवीचे नाव झाकताना काळही झाकला गेला. 'अडचण' म्हणून नोंदवलेल्या कित्येक गोष्टी विद्यार्थ्याच्या संवेदनशीलतेतील उणिवा नव्हत्या. त्या माहितीतील उणिवा होत्या आणि ती माहिती प्रयोगाच्या रचनेनेच काढून घेतली होती. शब्दार्थ न लागणे आणि संदर्भ न कळणे या दोहोंना रिचर्ड्स पुरेसे वेगळे करीत नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांच्या विवेचनातील ही सर्वांत मोठी उणीव वाटते.

मूल्यमापनकर्त्याचे स्थान

याच्या उलट बाजूने लॉरेन्सची कविता उद्बोधक आहे. संधिप्रकाशात एक स्त्री गाते आहे आणि ते ऐकणारा पुरुष मनाविरुद्ध बालपणात, पियानोखाली बसून आईचे पाय धरलेल्या मुलाच्या जागी, ओढला जातो. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी तिला रडवी ठरवून झिडकारले. रिचर्ड्स यांनी दाखवून दिले की, त्यांतील अनेकांनी प्रसंगच नीट वाचला नव्हता. आजची गाणारी स्त्री आणि त्या वेळची आई, आजचा पियानो आणि त्या वेळचा पियानो यांची सरमिसळ झाली होती. आपण हळवे होत आहोत याची लाज कवितेतल्या निवेदकालाच वाटते आहे, हेही त्यांच्या ध्यानात आले नाही. येथे संदर्भ लागत नव्हता, चरित्र लागत नव्हते; शब्द लक्षपूर्वक वाचणे पुरेसे होते. रिचर्ड्स यांची पद्धत अशा ठिकाणी निर्विवादपणे यशस्वी ठरते.

तरीही एक प्रश्न उरतो. महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत तरुण वाचकांचा एवढा मोठा गट उघड भावनेपासून अंग का चोरत होता? युद्धकाळात भावनेच्या नावाखाली जे काही खपवले गेले, त्याचा उबग या पिढीला आला असल्यास नवल नाही; रिचर्ड्स यांनीही भावनेच्या संकोचाला हळवेपणाइतकेच महत्त्व दिले आहे. पण त्यांची परिभाषा व्यक्तीच्या मनाची आहे, काळाची नाही. टेरी ईगल्टन यांनी १९८३ सालच्या आपल्या 'लिटररी थिअरी' या ग्रंथात नेमका याच जागेवर बोट ठेवले. विद्यार्थ्यांतील मतभेदांनी रिचर्ड्स चकित झाले. पण त्या मतभेदांखालील साम्य, म्हणजे एका विशिष्ट वर्गाच्या सामायिक धारणा, त्यांना दिसल्या नाहीत, कारण ते स्वतःही त्याच वर्गातील होते, असा ईगल्टन यांच्या आक्षेपाचा आशय आहे.

या आक्षेपात बरेच तथ्य आहे. कविता निवडणारे, अभिप्राय गोळा करणारे, त्यांतले कोणते छापायचे हे ठरवणारे आणि त्यांवर अंतिम निर्णय देणारे रिचर्ड्स एकटेच होते. प्रयोगाच्या भाषेत बोलायचे तर निरीक्षक आणि मापदंड यांत अंतर नव्हते. मात्र ईगल्टन यांच्या टीकेत एक गोष्ट सुटते. ही टीका करता आली, याचे कारण रिचर्ड्स यांनी पुरावा जपून ठेवला. विद्यार्थ्यांचे शब्द त्यांनी सारांश न करता, दुरुस्त न करता छापले. ग्रंथाची कित्येक पाने केवळ त्यांच्याच लेखनाने भरलेली आहेत. नंतरच्या वाचकाला रिचर्ड्स यांचा निर्णय बाजूला ठेवून एखाद्या विद्यार्थ्याची बाजू घेता येते, जशी वर डनच्या संदर्भात घेतली आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दरवर्षी रद्दीत काढणाऱ्या शिक्षणव्यवस्थेत ही गोष्ट लहान मानता येणार नाही.

अमेरिकी समीक्षक स्टॅन्ली फिश यांच्या एका प्रसंगाचा येथे उल्लेख करणे अस्थानी ठरू नये. १९७१ साली बफेलो येथे शिकवीत असताना, आधीच्या तासाला फळ्यावर लिहिलेली काही भाषाशास्त्रज्ञांची नावे त्यांनी पुसली नाहीत आणि धार्मिक कवितेचा अभ्यास करणाऱ्या पुढच्या वर्गाला ती सतराव्या शतकाच्या वळणाची कविता आहे असे सांगितले. विद्यार्थ्यांनी त्या यादीचे सफाईने आणि सखोल रसग्रहण करून दाखवले. रिचर्ड्स यांच्या वर्गात कवितेला योग्य तो प्रतिसाद मिळत नव्हता. फिश यांच्या वर्गात कविता नसतानाही प्रतिसाद तयार होता. मधल्या चार-पाच दशकांत बारकाईने वाचनाचे प्रशिक्षण किती पक्के रुजले होते, याचा हा काहीसा अस्वस्थ करणारा पुरावा म्हणता येईल. साचेबंद प्रतिसाद नाहीसे झाले नव्हते. नवा साचा तयार झाला होता.

निदानाकडून परीक्षेकडे

हे रुजणे कसे घडले, याचा मार्ग शोधणे कठीण नाही. गणित सोडून इंग्रजीकडे वळलेला विल्यम एम्प्सन हा मॅग्डलीनमध्ये रिचर्ड्स यांचाच विद्यार्थी. त्याचा 'सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्विटी' हा ग्रंथ १९३० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी ज्याला गोंधळ म्हटले असते, त्या अनेकार्थतेलाच त्याने काव्याचे सामर्थ्य ठरवले. अमेरिकेत क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी 'अंडरस्टँडिंग पोएट्री' (१९३८) या पाठ्यपुस्तकाद्वारे संहितावाचनाची पद्धत महाविद्यालयीन वर्गांत नेली आणि जॉन क्रो रॅन्सम यांच्या १९४१ सालच्या ग्रंथाने या साऱ्या चळवळीला 'न्यू क्रिटिसिझम' हे नाव दिले. केंब्रिजच्या ट्रायपॉसमध्ये अपरिचित उताऱ्यांवरील समीक्षा हा परीक्षेचा भाग झाला. भारतीय विद्यापीठांच्या इंग्रजी अभ्यासक्रमांतही अपरिचित कवितेवरील प्रश्न आला, आणि शालेय व महाविद्यालयीन मराठीच्या प्रश्नपत्रिकेतील रसग्रहणाचा प्रश्नही बाह्यतः त्याच्या जवळचा दिसतो, जरी त्याच्या मागे संस्कृत रसविचाराची वेगळी परंपरा उभी असली तरी.

या प्रवासात नेमके काय गळून पडले, हे पाहण्यासारखे आहे. कवितेचा कागद राहिला, कवीचे झाकलेले नाव राहिले, लिहिण्याची सूचना राहिली. आठवडाभराचा अवधी गेला. त्याची जागा अर्ध्या-पाऊण तासाने घेतली. वाचने मोजण्याची पद्धत गेली. पसंत पडली नाही असे सांगण्याची मुभा गेली. परीक्षेत विचारलेली कविता चांगलीच असते, हे कोणताही विद्यार्थी जाणतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढच्या आठवड्याचे व्याख्यान गेले, ज्यात अध्यापक कवितेपेक्षा विद्यार्थ्यांनी तिच्याविषयी काय लिहिले यावर अधिक बोलत असे. रिचर्ड्स यांच्या दृष्टीने चुकीचा अभिप्राय हा प्रयोगातील सर्वांत मोलाचा ऐवज होता. कारण वाचन कोठे बिघडते हे त्यातूनच कळत होते. परीक्षकाच्या दृष्टीने तो कमी गुणांचा धनी ठरतो आणि तेथेच त्याचे आयुष्य संपते. केवळ रसग्रहणाचे ठरीव मुद्दे पाठ करून लिहिलेले निर्दोष उत्तर, रिचर्ड्स यांच्या टेबलावर आले असते तर, बहुधा 'साचेबंद प्रतिसाद' या वर्गात ठेवले गेले असते.

रिचर्ड्स स्वतः या परिणामांपासून बरेच दूर निघून गेले. १९२९ साली ग्रंथ बाहेर पडला त्याच वर्षी ते बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठात शिकवण्यासाठी रवाना झाले. इंग्रजी कवितेमागचे संस्कार ज्यांच्या घरी नव्हते, अशा विद्यार्थ्यांपुढे तेथे ते उभे राहिले. मेन्शियस या चिनी विचारवंताच्या वचनांचे इंग्रजीत किती अर्थ संभवतात, याची चर्चा करणारे त्यांचे पुस्तक १९३२ साली आले. संस्कृतीच्या अंतरामुळे वाचन कसे पालटते, हा केंब्रिजमध्ये नजरेआड झालेला प्रश्न तेथे त्यांना टाळता आला नाही. १९३८ सालच्या 'इंटरप्रिटेशन इन टीचिंग' मध्ये त्यांनी पुन्हा विद्यार्थ्यांचे अभिप्राय गोळा करून छापले; या वेळी कवितांऐवजी गद्य उताऱ्यांवरचे. या दुसऱ्या ग्रंथाचे नाव मात्र समीक्षेच्या इतिहासात फारसे घेतले जात नाही. त्यातून परीक्षेचा प्रश्न तयार करणे सोपे नव्हते, हे त्याचे एक कारण असू शकेल.

केंब्रिजच्या त्या अभिप्रायांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. ग्रंथात त्यांच्यापुढे नावे नाहीत. कवितेचा क्रमांक आणि अभिप्रायाचा क्रमांक, एवढेच आहे. कवींची नावे परिशिष्टात अखेर उघड होतात, विद्यार्थ्यांची होत नाहीत. अभिप्राय लिहिणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया होत्या, हा रिचर्ड्स यांचा अंदाज खरा मानला तर या क्रमांकांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. गर्टन (१८६९) आणि न्यूनहॅम (१८७१) ही स्त्रियांची महाविद्यालये तोवर पन्नास वर्षांहून जुनी झाली होती. त्यांच्या विद्यार्थिनी तीच व्याख्याने ऐकत, त्याच परीक्षा देत. परंतु १९२१ सालच्या मतदानानंतर विद्यापीठाने त्यांना पदवीचे केवळ नाव वापरण्याची परवानगी दिली होती. पदवीचे पूर्ण अधिकार मिळण्यास १९४८ साल उजाडावे लागले. डनचे सुनीत दहा वेळा वाचून ते नाकारणारा किंवा उचलून धरणारा कोणता अभिप्राय त्यांच्यापैकी एकीचा होता, हे छापील पानावरून ओळखता येत नाही.